शपथ एकदाची, हिशेब रोजचा

आळंद तालुक्यातलं खजुरी हे कलबुरगी जिल्ह्याच्या अगदी काठावरचं गाव. पुढे महाराष्ट्राची हद्द लागते, उमरग्याचा मुलूख सुरू होतो. इथला माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी. प्यायची झाली तर दोन्ही राज्यांची दुकानं त्याला जवळच. १ जुलै २००७ पासून कर्नाटकाने पाकिटातल्या अरॅकवर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी घातली, पण ज्याचं शरीर दारूवर चालत होतं तो थांबला नाही, त्याने फक्त माल बदलला.

या पट्ट्यात दारू सोडण्याची रीत ठरलेली आहे. शपथ घ्यायची. गाणगापूरला जाऊन भीमा-अमरजेच्या संगमात अंघोळ करायची आणि पादुकांपुढे हात जोडून सांगायचं की आजपासून शिवणार नाही. कुणी पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घालतं, कुणी कलबुरगीला बंदेनवाजांच्या दर्ग्यात मागणं मागतं. काहीच जमलं नाही तर घरातल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला जातो. या शपथा खोट्या नसतात. त्या क्षणी माणूस काळजापासून बोलत असतो, आणि माळ घातल्यावर आयुष्यभर दारूला न शिवलेली माणसंही आपण पाहिलेली आहेत. पण महिन्याच्या आत शपथ मोडलेली माणसंही आपण पाहिली आहेत, आणि मोडल्यानंतर जे होतं ते मोडण्याहून वाईट असतं. लाज इतकी दाटते की ती विसरायला पुन्हा दारूच लागते.

शपथेचा एक धोका शरीराचाही आहे, तो आधी सांगायला हवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, काळवेळाचं भान जातं. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं, आणि त्याला बांधून देवस्थानाला नेतात. हा आजार आहे आणि यात माणूस दगावतो. त्याला आधी दवाखान्यात न्यावं. कलबुरगीच्या आणि बिदरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपर्यंत पोचणं या भागातून शक्य असतं. पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरांचे. आत्मपरीक्षण, अध्यात्म वगैरे सगळं त्यानंतर.

आणि ते त्यानंतर लागतंच, कारण शरीरातली दारू उतरली तरी ज्या मनाला ती लागत होती ते मन तिथेच असतं. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुन्हा पिण्याकडे वळणाऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबतचं त्याचं पुस्तक १९८५ साली आलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या शपथांना तंतोतंत लागू पडतात. एक, ‘कधीच नाही’ असा नियम केलेला माणूस एकदा चुकला की ‘आता सगळंच गेलं’ म्हणून पुरता बुडतो. एका घोटाचा आठवडा होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो पहिला घोट अचानक येत नाही. त्याच्या कित्येक दिवस आधी छोटे, निरुपद्रवी दिसणारे निर्णय होऊन गेलेले असतात. जुन्या रस्त्याने घरी जाणं, एखाद्या भांडणाबद्दल गप्प राहणं, खिशातले थोडे पैसे बायकोला न सांगता ठेवणं. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर आठवावा. त्याला पहिल्यांदा दारूकडे नेतो तो कोर्टात झालेला अपमान. तळीराम प्याला पुढे करतो तो त्यानंतर. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने हा क्रम अचूक पकडला होता.

शपथ पुढच्या सगळ्या आयुष्याबद्दल बोलते, आणि पुढचं आयुष्य कुणाच्याच हातात नसतं. या छोट्या निर्णयांवर तिची नजरही जात नाही. ती जाते रोजच्या हिशेबाची. म्हणून मला मनापासून वाटतं की दारू सोडलेल्या माणसाला आपण शपथ घ्यायला लावतो त्याच्या दसपट जोराने त्याला रात्री दहा मिनिटं स्वतःपाशी बसायला शिकवलं पाहिजे.

ही पद्धत सर्वांत नीट मांडली ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने, म्हणजे ‘एए’ने. तिची सुरुवातच अशा एका प्रसंगातून झाली. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन, शेअर बाजारात उद्ध्वस्त झालेला, दारू सोडून पाचेक महिने झालेले, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला आला आणि ते काम फसलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याला कळलं की आपण आत्ता पिणार आहोत. त्याने फोन उचलला आणि विचारत विचारत दारूने पिडलेला दुसरा माणूस शोधला. तो होता डॉ. बॉब स्मिथ, त्याच गावातला शल्यविशारद. दोघं तासन्‌तास बोलले. डॉ. बॉबचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि एए आपला जन्म त्याच दिवशीचा मानते. बिलने अ‍ॅक्रनमध्ये केलं काय, तर स्वतःच्या मनात काय चाललंय ते वेळेवर ओळखलं आणि ते दुसऱ्याला सांगितलं. पुढचा सगळा कार्यक्रम या दोन कृतींवर उभा आहे.

१९३९ साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात बारा पायऱ्या आल्या. दहावी पायरी रोजच्या आत्मपरीक्षणाची: स्वतःची तपासणी चालू ठेवायची आणि चुकलो तिथे लगेच कबूल करायचं. अकरावी प्रार्थना आणि ध्यानाची. दिवसभर चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे: स्वार्थ, अप्रामाणिकपणा, मनात धरलेला राग आणि भीती. रात्री त्यांचीच उजळणी. कुणाची माफी मागायची राहिली का? कुणाला सांगायला हवी अशी गोष्ट मी लपवून ठेवली का? आज सगळा वेळ माझाच विचार केला, की दुसऱ्यासाठी काही केलं? दारूचा प्रश्न या यादीत जवळजवळ नाहीच, आणि हे नवख्याला फार विचित्र वाटतं. पण सुधाकरचा क्रम ध्यानात असला की नवल वाटत नाही.

बारा पायऱ्यांवरचं दुसरं पुस्तक १९५३ चं. त्यात तपासणीचे प्रकार सांगितले आहेत: जागच्या जागी थांबून केलेली, दिवसअखेरची, आणि अधूनमधून, वर्षा-सहा महिन्यांनी निवांत बसून केलेली. त्याच पुस्तकात रागाबद्दल एक कडक इशारा आहे. ‘माझा राग योग्यच आहे’ ही चैन इतरांना परवडत असेल, दारू सोडलेल्याला नाही. मला हे आधी अन्यायकारक वाटायचं. आपल्याकडचे बांधाचे आणि वाटणीचे खटले पाहिल्यावर पटलं. खरोखर अन्याय झालेला माणूसच जास्त पितो, कारण त्याच्या पिण्याला कारण असतं.

हे कागदावर कसं दिसेल? समजा, खजुरीचा तूर पिकवणारा एक शेतकरी आहे. दारू सोडून तीन महिने झालेत. आज आळंदला अडतीवर माल घातला. भाव कमी लावला, वजनात कट्टी धरली. तो काही बोलला नाही. पट्टी न बघता पैसे घेतले, बस पकडली, घरी आल्यावर आमटी अळणी म्हणून बायकोवर ताट आपटलं. रात्री तिने किती मिळाले विचारलं तेव्हा हजार रुपये कमी सांगितले. का, ते त्यालाही कळलं नाही. आता तो वही घेऊन बसतो आणि लिहितो. राग अडत्यावर होता, निघाला हिच्यावर. तिथे गप्प बसलो कारण त्याच्याकडून उचल घेतलेली आहे, पुढच्या साली तो देणार नाही अशी भीती. हजार रुपये बाजूला ठेवले. कशासाठी? इथे पेन थांबतं. जुन्या सवयीने हाताने ते पैसे ठेवून घेतले, डोक्याला न विचारता. मग खाली: फाट्यावर जुना सोबती दिसला, थांबलो नाही, एएच्या गटातल्या काकांना फोन केला. शेवटी उद्यासाठी दोनच ओळी. सकाळी हिला खरा आकडा सांगायचा, पैसे द्यायचे, ताटाबद्दल माफी मागायची. अडत्याकडे पट्टी मागायची.

त्या पानावरचे हजार रुपये म्हणजे मार्लॅटने सांगितलेला छोटा निर्णय. चार दिवसांनी त्यांचीच बाटली झाली असती, आणि गाव म्हणालं असतं, बघा, शपथ मोडली. वहीने ते पहिल्या रात्री पकडले. आणखी एक गोष्ट त्या पानात आहे: चांगलं घडलेलंही लिहिलं आहे. फोन केला, हे जमेला. बिल विल्सन आणि त्याचे सोबती व्यापारी वळणाचे, त्यांनी दुकानातल्या मालाच्या मोजदादीचा दाखला दिला होता. आपल्या अडत दुकानातही रोजकीर्दीला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. नुसती देणी लिहिणारी वही खोटी.

वहीत असं मनातल्या भावनेला नाव दिल्याने काय होतं याचा एक शास्त्रीय धागाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची, म्हणजे धोक्याला धावून जाणाऱ्या भागाची, हालचाल कमी होते. तो प्रयोग दारू सोडणाऱ्यांवर नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ‘मला राग आला नाही, मला भीती वाटली’ एवढं वाक्य लिहून झाल्यावर छातीवरचा दाब हलका होतो, हे रोज लिहिणाऱ्या कुणालाही विचारावं.

ही पद्धत अमेरिकेची, आपल्या मातीत ती रुजेल का, असा प्रश्न कुणी केला तर मी त्याला खजुरीच्या आसपासचा नकाशा दाखवीन. पूर्वेला-उत्तरेला बिदर जिल्हा, त्यात बसवकल्याण. बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णा आणि त्यांच्याभोवतीचे शिवभक्त, म्हणजे शरण-शरणी, वचनं सांगत होते. ज्याने त्याने आपला अनुभव सर्वांपुढे मांडायचा ही अनुभव मंटपाची रीत म्हणून परंपरेने जपली आहे. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनात तर लोकांचं वाकडं नीट करायला निघालेल्यांना आधी स्वतःच्या देहाकडे आणि मनाकडे बघायला सांगितलं आहे. आणि त्या शरणांमध्ये हेंडद मारय्या आहेत. ताडी विकणं हा त्यांचा धंदा. शरण झाल्यावर, परंपरा सांगते, ते पिणाऱ्यांनाच गाठून दारू सोडायला सांगू लागले. आठशे वर्षांपूर्वी, याच भागात, दारूच्या धंद्यातला माणूस पिणाऱ्याला हात देतो आहे. मराठी वाचकाला हे नाव फारसं ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

पुढे कलबुरगीकडे या. सूफी संत बंदेनवाज गेसूदराज १४२२ साली तिथे निवर्तले. सूफींच्या साधनेत मुहासबा आहे, म्हणजे आपल्या नफ्साकडून, स्वतःच्या हट्टी मनाकडून, दिवसाचा हिशेब मागणं. नवव्या शतकात बगदादेत हारिस अल-मुहासिबी होऊन गेले, त्यांना ते नावच या सवयीवरून पडलं. सेडम तालुक्यातलं मळखेड जैन परंपरेचं जुनं केंद्र; जैनांचं प्रतिक्रमण म्हणजे सकाळ-संध्याकाळ आपल्या हातून काय घडलं ते आठवून मागे फिरणं. आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बौद्ध वस्त्यांमध्ये वंदनेला पंचशील म्हटलं जातं, त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते आयुष्यात एकदा घेऊन भागत नाही. ते पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं. वारकऱ्यांचंही तेच: माळ एका दिवसात घातली जाते, पण हरिपाठ रोजचा. शपथेबरोबरचा हा रोजचा भाग आपण हळूहळू विसरलो आणि माळ तेवढी ठेवली, असं मला वाटतं.

काहींना या सगळ्या देवाधर्माची अडचण वाटेल. एएच्या पायऱ्यांमध्ये ‘आम्हाला जसा समजला तसा’ देव आहे, आणि ती सवलत सुरुवातीच्या सदस्यांतल्या नास्तिकांनी भांडून मिळवलेली आहे. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे येणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि त्याला सांभाळणाऱ्यांमध्ये स्वतः त्या वाटेने गेलेले कितीतरी कार्यकर्ते असतात. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही तिथे तेच शिकायचं असतं: आजचा दिवस, आणि आपल्या वागण्याचा खरेपणा. अध्यात्म वाढलं की नाही हे ओळखायला मी साध्या खुणा बघतो. झोप लागते का? उधारी फिटते आहे का? लग्नात कोपऱ्यात न रुसता पंगतीत बसता येतं का? रात्री अकराला कुणा पिणाऱ्याच्या घरून फोन आला तर हा चप्पल घालतो का? शरण ज्याला दासोह, म्हणजे निरपेक्ष सेवा, म्हणत, बाराव्या पायरीत तेच आहे: दुसऱ्या पिणाऱ्याला हात देणं.

एक इशारा मात्र द्यायला हवा. एकट्याने केलेला हिशेब बिघडतो. काही जण दर रात्री स्वतःला फोडून काढतात. पानभर ‘मी नालायक’ लिहून झोपतात आणि सकाळी त्याच नालायकाला प्यायला सोपं जातं. एएच्या पुस्तकाने रात्रीच्या उजळणीबद्दल नेमकं हेच बजावलं आहे की तिचं रूपांतर काळजीत आणि कुढण्यात होऊ देऊ नका, नाहीतर उद्या आपण कुणाच्या उपयोगी पडणार नाही. दुसऱ्या टोकाला हुशार माणसं असतात, त्यांची वही वकिली करते. दोन्हींवर औषध एकच, दुसरा माणूस. आपल्या आधी हा रस्ता चाललेला, आपल्यावर न रागावणारा, आणि आपली लबाडी ओळखणारा. गटात त्याला स्पॉन्सर म्हणतात. लिहिता येत नसेल तर त्याला फोनवर सांगावं, हिशेबाला कागद लागतोच असं नाही. आणि ज्या भाषेत माणूस चिडतो त्याच भाषेत सांगावं. या भागात वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात संपतं, तर संपू द्यावं.

तो दुसरा माणूस बायको नसावी. यावर मी ठाम आहे. जिने पंधरा वर्षं मार खाल्ला, दागिने गहाण ठेवले, शाळेची फी भावाकडून आणली, तिच्यापुढे रोज रात्री नवऱ्याने मन मोकळं करायचं आणि तिने रोज क्षमा करायची, हा तिच्यावर नवा भार आहे. नवव्या पायरीत नुकसान भरून देण्याची अट आहे, पण त्यामुळे कुणाला इजा होणार असेल तर नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. तिला द्यायचं ते खरे पैसे, शांत रात्र आणि वेळ. विश्वास ती तिच्या गतीने ठेवील, किंवा नाही ठेवणार. तो तिचा हक्क आहे. तिलाही स्वतःचं बोलायला जागा लागते. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली अशा कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू केलं. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे.

या वाटेचा उपयोग होतो का, याचं उत्तर आता बरंच पक्कं आहे. २०२० साली जॉन केली आणि सहकाऱ्यांनी कोक्रेन संस्थेसाठी २७ अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. बारा पायऱ्यांच्या वाटेला नीट जोडून दिलेल्यांपैकी वर्षभराने ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५ टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे, आणि ही वाट फुकट आहे. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकाला कसलीतरी मदत मिळते.

म्हणूनच कर्नाटकातल्या दोन कामांकडे मी आदराने बघतो. इलकलच्या मठाचे महांत स्वामी १९७५ पासून झोळी घेऊन दारोदार फिरले आणि भिक्षेत लोकांची व्यसनं मागितली. राज्य सरकार त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळतं. झोळीत बाटली टाकणं ही शपथच, पण चारचौघांत घेतलेली. धर्मस्थळच्या संस्थेची आठ दिवसांची मद्यवर्जन शिबिरं त्यापुढे एक पाऊल टाकतात: शिबिर संपल्यावर त्याच माणसांची ‘नवजीवन समिती’ होते आणि ती दर आठवड्याला बसते.

खजुरीसारख्या गावात सुरुवात कशी करायची, तर मोठी संस्था येण्याची वाट बघावी लागत नाही. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट. एएच्या परंपरेत दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट आहे. फी नाही, नोंदणी नाही, आणि असे दोघं-तिघं एकत्र बसले की तो गट मानला जातो. जागा म्हणून शाळेची खोली किंवा मठाचा ओटा चालेल. वार बाजाराचा नको, कारण त्या दिवशी खिशात पैसे असतात. वेळ संध्याकाळी सातची ठेवावी. दुकानाकडे पाय वळतात ते साधारण तेव्हाच.